बोलणारे हात : आपल्या कथा-परंपरेचा थोडा इतिहास



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात विहार कसा उभा राहिला, कोणी विटा दिल्या, कोणी श्रमदान केले, हा इतिहास असतोच. तो असायलाच पाहिजे. यावेळी मात्र आम्ही जरा वेगळ्या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत. विषय आहे हातांचा. कथा सांगताना माणसाचे हात हलतात, ते का हलतात, आणि त्यांचा तोंडातल्या शब्दांशी काय संबंध असतो, हा तो विषय. वाचकांना वाटेल, यात इतिहास तो कसला? पण एक प्रसंग सांगतो, म्हणजे लक्षात येईल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. त्या दिवशीचे वाचन संपल्यावर आमच्या वस्तीतील एक आजी सहज बोलत बसल्या. १९५६ साली त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या आणि वडिलांसोबत नागपूरला गेल्या होत्या. त्या दीक्षेच्या दिवसाचे सांगू लागल्या. आमच्यापैकी एकाने मोबाईल काढला आणि आवाज रेकॉर्ड करून घेतला. आम्हाला वाटले, चला, मोठे काम झाले.

पुढे आजी गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही ते रेकॉर्डिंग लावले. आवाज अगदी स्वच्छ होता. "बाबासाहेब तिथं होते अन् आम्ही इथं. मधात हे अस्से लोकं. माह्या बापानं मले असं धरलं होतं. मंग सगळे उभे राह्यले. आधी आपलं असं होतं बाप्पा, मंग असं झालं."

ऐकणारी पोरं एकमेकांकडे पाहू लागली. असं म्हणजे कसं? शेवटचे 'असं' आम्हा सर्वांना आठवत होते, आजींनी दोन्ही हात जोडले होते. पण 'आधी असं होतं' म्हणताना त्यांनी हाताने नेमके काय केले? आमच्यापैकी एक म्हणतो, त्यांनी तळहात खाली जमिनीकडे नेला. दुसरा म्हणतो, नाही, त्यांनी पदराने तोंड झाकल्यासारखे केले. दोघेही समोरच बसलेले होते. आजींचे सगळे शब्द आपल्याजवळ आहेत, आणि तरी त्या वाक्यातली मुख्य गोष्टच हरवली आहे. हा लेख त्या चुटपुटीतून लिहिला आहे.

शब्द अर्धा, हात अर्धा

आपल्या बोलीत असा, असं, एवढा, इतका, इकडे, तिकडे, हा, तो असे कितीतरी शब्द आहेत. ते एकटे उभे राहू शकत नाहीत. "येवढा साप निघाला" असे म्हटले की ऐकणारा आधी बोलणाऱ्याचे हात पाहतो. दोन हातांमधले अंतर हेच त्या 'येवढा' चे खरे माप असते. लिहिताना आपल्याला 'चार हात लांब' असे काही लिहावे लागते. बोलताना ते काम हात करतात, म्हणून तोंडाला करावे लागत नाही.

आपल्या शेंदूरजनाघाटच्या माणसाला हे वेगळे सांगायची गरज नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी ओळखले जाते. रोपवाटिकेत नवा पोरगा कामाला आला की जुना कारागीर त्याला जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा कसा भरायचा ते शिकवतो. तो काय सांगतो? "हे पाय, असा चीर घ्यायचा, साल अशी उचलायची, डोळा असा सरकवायचा, अन् वरून असं बांधून घ्यायचं." हे वाक्य कागदावर लिहून दुसऱ्या गावी पाठवले तर त्यावरून एकही कलम होणार नाही. हात मात्र सगळे सांगून जातो. बोलणारा हात चाकूसारखा आडवा-उभा फिरतो, अंगठा सालीखाली गेल्यासारखा वळतो.

याच्या उलटही एक पद्धत आपण पाहिली आहे. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटे दाबतात आणि भाव ठरवतात. तोंडातून आकडा निघत नाही. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्याच बैलाचा सौदा किती पर्यंत गेला हे कळत नाही. म्हणजे हाताने अर्थ उघड करता येतो, तसा लपवताही येतो. कथा सांगणाऱ्याचा हात उघडा असतो. तो सर्वांना दिसावा म्हणूनच वर उचललेला असतो.

तथागतांची शिकवण्याची रीत

तथागतांनी ग्रंथ लिहिला नाही. ते बोलत आणि लोक ऐकत. पुढे कित्येक पिढ्यांनी ते मुखोद्गत करून सांभाळले. पण पाली सुत्तांमध्ये केवळ त्यांचे शब्दच टिकले असे नाही. काही ठिकाणी त्यांच्या हातांची कृतीही टिकली आहे.

संयुक्त निकायात कोसंबीच्या शिंशपावनातला प्रसंग आहे. तथागतांनी खालची थोडी पाने मुठीत घेतली आणि भिक्खूंना विचारले, या हातातली पाने जास्त की या वनातली? अर्थात वनातली. मग त्यांनी सांगितले की, जे जाणले ते वनातल्या पानांएवढे आहे आणि जे तुम्हाला सांगितले ते या मुठीएवढे, कारण दुःख आणि दुःखमुक्तीसाठी उपयोगाचे तेवढेच सांगितले. आता या कथेतून ती मूठ काढून टाका. मग एक कोरडे विधान शिल्लक राहील.

दुसरा प्रसंग राहुलाचा. मज्झिम निकायातील अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्तात तो येतो. राहुलाने पाय धुण्यासाठी पाणी ठेवले होते. तथागतांनी पाय धुतल्यावर भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले आणि ते राहुलाला दाखवले. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रामण्य एवढेसेच असते, असे सांगितले. मग ते पाणी फेकून दिले, मग भांडे पालथे घातले, मग पुन्हा सरळ करून रिकामे भांडे दाखवले. प्रत्येक कृतीबरोबर एक वाक्य. अट्ठकथेप्रमाणे राहुल त्यावेळी सात वर्षांचा होता. सात वर्षांच्या लेकराला खोटे बोलू नको हे सांगण्याची याहून चांगली रीत आमच्या पाहण्यात नाही. सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे जे उपदेश नावानिशी सांगितले, त्यात हा राहुलाला केलेला उपदेशही आहे. आपल्या घरातल्या आया-बायांनी तो लेकरांना सांगताना खरोखर तांब्या घेऊन सांगावा, असे आम्हाला वाटते.

दगडातले हात

सुरुवातीच्या काळात शिल्पकार तथागतांची मानवी मूर्ती घडवीत नसत. सांचीच्या तोरणांवर बोधिवृक्ष आहे, चक्र आहे, पावले आहेत, पण तथागत माणसाच्या रूपात नाहीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास गांधार आणि मथुरेकडे मूर्ती घडू लागल्या, आणि तेव्हा शिल्पकारापुढे प्रश्न उभा राहिला. मूर्ती बोलत नाही. मग हे तथागत कोणत्या प्रसंगातले, हे लोकांना कसे कळावे? उत्तर हातांनी दिले. त्यालाच आपण मुद्रा म्हणतो.

अजिंठ्याला सहलीला गेलेल्यांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे, पण घाईत लक्ष जात नाही. क्रमांक १ च्या लेण्यात मुख्य मूर्तीचे दोन्ही हात छातीपाशी आहेत. ती धर्मचक्र मुद्रा. खाली बैठकीवर चक्र आणि हरणे कोरलेली आहेत, म्हणजे हा सारनाथचा, पहिल्या प्रवचनाचा प्रसंग. क्रमांक २६ च्या लेण्यात महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती आहे आणि त्याच भिंतीवर माराचा हल्लाही कोरलेला आहे. त्यात भोवती गोंधळ चाललेला आहे आणि मध्ये तथागतांचा उजवा हात शांतपणे जमिनीला टेकलेला आहे. कथा अशी की माराने विचारले, तुझा साक्षीदार कोण? त्या प्रश्नाचे उत्तर या हाताने दिले. ही भूमिस्पर्श मुद्रा.

आपल्याकडे नाट्यशास्त्रातही एका हाताच्या २४ आणि दोन्ही हातांच्या १३ मुद्रा सांगितल्या आहेत. पण एक फरक ध्यानात घ्यावा. मुद्रा शिकावी लागते, तिचा अर्थ ठरलेला असतो. आजींचा हात मात्र कोणी शिकवलेला नव्हता. तो त्या क्षणी, त्या वाक्यासोबत तयार झाला आणि वाक्य संपताच मांडीवर परत आला. म्हणून मुद्रा दोन हजार वर्षे टिकली आणि आजींचा हात काही वर्षेही टिकला नाही.

गाडगेबाबांचे कीर्तन

आपल्या अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले गाडगेबाबा हे वऱ्हाडातले सर्वांत मोठे कथेकरी म्हटले तर चूक होणार नाही. शाळेत न गेलेला हा माणूस हातात खराटा घेऊन आधी गाव झाडायचा आणि रात्री कीर्तन करायचा. त्यांच्या कीर्तनात पोथी नव्हती. ते वऱ्हाडीत लोकांना प्रश्न विचारीत, लोक उत्तर देत, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. देवाला बकरे कापणे, कर्ज काढून लग्न करणे, शिवाशिव पाळणे यावर ते तुटून पडत. जेवायचे ताट विकावे लागले तरी चालेल, भाकर हातावर घेऊन खावी, पण पोराला शाळेत घालावे, हे त्यांचे सांगणे आजही घरोघरी सांगितले जाते. ते सांगणाऱ्याकडे जरा नीट पाहा. 'हातावर भाकर' म्हणताना त्याचा डावा तळहात आपोआप उघडतो. त्याने बाबांना पाहिलेले नसते. शब्दानेच तो हात पिढ्यान्‌पिढ्या सोबत आणला आहे.

बाबांचे ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत बांद्रा येथे झालेले शेवटचे कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले आहे. पुढच्याच महिन्यात ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि २० डिसेंबरला वलगावजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला. त्या ध्वनिमुद्रणामुळे त्यांचा आवाज आपल्याला मिळाला, हे मोठे भाग्य. पण ते ऐकताना लोक मध्येच खळखळून हसतात आणि आपल्याला कळत नाही की ते नेमके कशाला हसले. शब्द तर साधा होता. हसू बहुधा हाताला होते, आणि हात फितीवर उमटत नाही. १९७७ साली आलेल्या 'देवकीनंदन गोपाला' या चित्रपटात डॉ. श्रीराम लागूंनी बाबांची भूमिका केली. आज नव्या पिढीच्या डोळ्यांपुढे जे गाडगेबाबा येतात, त्यांचे हात पुष्कळदा लागूंचे हात असतात.

जलशातला शाहीर

आंबेडकरी जलशांचा इतिहास आपल्या लोकांना ठाऊक आहे. सत्यशोधक जलशांच्या वाटेने १९३० नंतरच्या काळात हे जलसे उभे राहिले. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यातले मोठे नाव. त्यांनी पुढे 'आंबेडकरी जलसे' या विषयावर पुस्तकही लिहिले, ते १९७८ साली प्रसिद्ध झाले. वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) तर गावोगाव फिरून गाण्यातून बाबासाहेब पोहोचवले.

जलसा बघायला येणारा बहुतेक प्रेक्षक निरक्षर होता. ध्वनिक्षेपक सगळीकडे नव्हते. मागच्या माणसापर्यंत प्रत्येक शब्द पोहोचेलच याचा भरवसा नसे. तेव्हा शाहिराचा एक हात स्वतःचा सूर ऐकण्यासाठी कानावर आणि दुसरा उंच हवेत असे. सावकार आला की हाताने वही उघडली, पाटील आला की मिशीवर हात फिरला. आपल्याकडच्या दंडारीत आणि खडी गंमतीतही हेच दिसते. शब्द अर्धा ऐकू आला तरी हाताने तो पुरा होत असे.

पुढे हातात धरायचा माईक आला आणि शाहिराचा एक हात गुंतला. वाचनाच्या वेळी ग्रंथ दोन्ही हातांत असतो, तेव्हा वाचणाऱ्याचे दोन्ही हात गुंततात. ही काही तक्रार नाही. ग्रंथ हातात आला हीच आपली क्रांती आहे, ज्यांना अक्षर नाकारले होते त्यांच्या हाती अक्षर आले. पण वाचणे वेगळे आणि सांगणे वेगळे, एवढे लक्षात ठेवले पाहिजे.

जोहार ते जय भीम

हाताचा हा विषय आपल्यासाठी करमणुकीचा नाही, त्याला एक दुखरी बाजू आहे. आपल्या पूर्वजांनी वरच्या जातीच्या माणसाला दुरून, वाकून 'जोहार' घालायचा, हा गावगाड्याचा रिवाज होता. तो केवळ शब्द नव्हता. सोबत कंबर वाकत होती, मान खाली जात होती, हात जमिनीकडे जात होते. नुसता शब्द म्हणून मान ताठ ठेवली असती तर तो उर्मटपणा ठरला असता. म्हणजे शब्द आणि शरीर मिळून ती गुलामी पूर्ण होत होती.

आपल्या विदर्भातल्या कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४-१९३९) यांना 'जय भीम' या अभिवादनाचे प्रवर्तक मानले जाते. त्यांनी आपल्याला एक शब्द दिला, आणि त्या शब्दाबरोबर शरीरही बदलले. जय भीम म्हणताना वाकावे लागत नाही. समोरचाही जय भीम म्हणतो, दोघांचे हात सारख्या उंचीवर असतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो लोक उभे राहिले, हात जोडले आणि बाबासाहेबांच्या मागोमाग २२ प्रतिज्ञा म्हटल्या. त्या दिवशी शब्द नवे होते, आणि ते हातही नवे होते.

आजींचे 'आधी असं होतं' हे कदाचित याच जोहाराबद्दल होते. कदाचित नव्हते. त्यांच्या बापाबद्दल असेल, पाण्याबद्दल असेल. आम्ही आमच्या मनाचे काही लिहून त्यांच्या तोंडी घालणार नाही.

बाबासाहेबांच्या पुतळ्याचेही असेच आहे. संसद भवनाच्या आवारात २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते अनावरण झालेल्या, शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेल्या पुतळ्यात उजव्या हाताचे बोट उंचावलेले आहे. गावोगावचे पुतळे त्याच रूपात दिसतात. लहान लेकरू विचारते, "बाबासाहेब कोणाले बोट दाखवून राह्यले?" पुतळा बोलत नाही. उत्तर घरच्यांनी द्यायचे असते. जे आपण सांगू तेच त्या बोटाचा अर्थ होऊन त्या लेकराच्या मनात राहते.

अभ्यासक काय म्हणतात

या विषयाचा परदेशात बराच अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील डेव्हिड मॅकनील यांनी लोकांना एक व्यंगचित्रपट दाखवला आणि त्यातली गोष्ट दुसऱ्याला सांगायला लावली. सांगणाऱ्यांचे शब्द आणि हात दोन्ही त्यांनी बारकाईने तपासले. १९९२ साली त्यांचे पुस्तक आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, हातवारे ही बोलण्याला लावलेली शोभा नव्हे. विचार एकच असतो, त्याचा काही भाग तोंडातून येतो आणि काही भाग हातातून, आणि तोही त्याच क्षणी. माणूस म्हणतो "तो वर गेला" आणि हात दाखवतो की तो सरपटत गेला की उडी मारून.

१९९८ साली जन्मांध मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी आयुष्यात कोणाचेच हात पाहिले नाहीत, अशी मुलेही बोलताना हातवारे करीत होती, आणि ऐकणारा अंध आहे हे माहीत असतानाही करीत होती. म्हणजे हात केवळ दुसऱ्याला दाखवण्यासाठी हलत नाही, तर बोलणाऱ्याला विचार मांडायलाही मदत करतो. लहान मुलांवरच्या आणखी एका अभ्यासात असे दिसले की कधीकधी मूल तोंडाने चुकीचे उत्तर देते आणि त्याच वेळी त्याचा हात बरोबर गोष्ट दाखवतो. असे मूल शिकण्याच्या उंबरठ्यावर असते. शिक्षकांनी आणि आई-बापांनी हे ध्यानात ठेवावे. गणित सांगणाऱ्या लेकराला "हात खाली ठेव" म्हणून दटावू नये.

कर्णबधिरांची सांकेतिक भाषा मात्र वेगळी, हे इथेच स्पष्ट केले पाहिजे. ती शब्दांच्या सोबतीला नसते, ती स्वतःच पूर्ण भाषा आहे, तिला स्वतःचे व्याकरण आहे. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेसाठी संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि २०२१ पर्यंत त्यांच्या शब्दकोशात १०,००० शब्द झाले.

आता आपण काय करावे

दीक्षा समारंभ पाहिलेली माणसे आता बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत. जी आहेत ती ऐंशीच्या घरात किंवा पुढे. म्हणून आमची विहाराच्या सर्व कुटुंबांना नम्र विनंती आहे.

पहिली गोष्ट, वर्षावासात आठवड्यातून एक संध्याकाळ ग्रंथ मिटून आदराने बाजूला ठेवावा आणि एखाद्या ज्येष्ठ उपासक-उपासिकेला सांगू द्यावे. त्यांच्या हातात माईक देऊ नये, तो समोर उभा करावा. दुसरी गोष्ट, मोबाईलवर नुसता आवाज घेऊ नये. चित्र घ्यावे, आणि तेही नुसत्या चेहऱ्याचे नको. मोबाईल थोडा दूर ठेवावा, म्हणजे मांडीपासून डोक्यापर्यंत सगळे दिसेल आणि हात चौकटीबाहेर जाणार नाहीत. तिसरी गोष्ट, 'असं' हा शब्द आला की मध्येच थांबवून "आजी, असं म्हणजे कसं?" असे विचारू नये, त्याने ओघ तुटतो. संपल्यावर विचारावे, आणि जे सांगतील ते त्याच दिवशी वहीत लिहावे. तारीख आणि गाव लिहायला विसरू नये.

हे काम खर्चाचे नाही. मोबाईल घरोघरी आहे. फक्त म्हाताऱ्या माणसाजवळ तासभर बसायची तयारी पाहिजे.

आम्ही ते एकदा चुकलो. मोबाईल आमच्यापाशी होता, आजी समोर होत्या, उजेडही भरपूर होता. केवळ बटण दुसरे दाबले गेले. ते रेकॉर्डिंग आम्ही पुसलेले नाही. ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी यावे. आणि त्या दिवशी विहारात हजर असलेल्यांपैकी कोणाला आजींचा तो पहिला हात आठवत असेल, तर त्यांनी आम्हाला जरूर सांगावे, नव्हे, करून दाखवावे.

भवतु सब्ब मंगलम्!